जानकूनं सांगितलेला कौल

जानकूला खोटं बोलता येत नसे. बैल विकायला घोडेगावच्या बाजारात नेला, की गिऱ्हाईकानं विचारायच्या आधीच हा सांगून मोकळा व्हायचा, मागचा डावा पाय जरा धरतो बरं का. बायडाबाई, त्याची बायको, कपाळावर हात मारून घ्यायची. असा हा माणूस जन्मात एकदाच मोठं खोटं बोलला, आणि तेही देवीच्या नावानं. भिताडावर चढता न येणाऱ्यानं एकदम कळसाला हात घालावा, तसला हा प्रकार झाला.

त्याचं गाव घोड नदीच्या वरच्या खोऱ्यात, भीमाशंकरच्या डोंगराखाली. गावाच्या खालच्या अंगाला, ओढा नदीला मिळतो तिथं कळमजाईची देवराई होती. राईतली वाळकी काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, पडलेला आंबा उचलायचा नाही, चपला बांधाबाहेर काढायच्या, असा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. राखण जानकूच्या घराण्याकडं. देवीला काही विचारायचं झालं तर एकट्या राखणदारानं आत जायचं. तिच्या तांदळ्याला, म्हणजे शेंदूर फासलेल्या त्या गोल दगडाला, दोन्ही अंगांनी ओले तांदूळ चिकटवायचे आणि वाट बघायची. उजवीकडचे आधी पडले तर हो, डावीकडचे पडले तर नाही. सोयरीक जुळवायची की नाही, विहीर कुठं खणायची, सगळं या कौलावर. जानकू बाहेर येऊन ‘उजवा’ नाहीतर ‘डावा’ एवढं एकच सांगायचा आणि घरी जायचा. त्याच्या शब्दावर कुणी कधी शंका घेतली नाही. बैलाचा पाय लपवत नाही, तो कौल काय लपवणार?

राईत एका म्हाताऱ्या आंब्याच्या बेचक्यात सीतेची वेणी फुलायची. झाडावर वाढणारं हे फूल त्या रानात जागोजागी दिसतं, पण ते जांभळट गुलाबी. आंब्यावरची वेणी मात्र पांढरीशुभ्र होती. तशी दुसरी साऱ्या डोंगरात कुणी पाहिलेली नव्हती. बायडाबाई लग्न होऊन आली त्या वर्षी म्हणाली, एक तुरा केसांत माळते. जानकूनं नुसते डोळे वटारले. त्यानंतर दर जेठात ती बांधाबाहेर उभी राहून फूल बघायची आणि देवीशी गप्पा मारायची. औंदा तुझी वेणी लई भरली गं बाई, माझं तर निम्मं डोकं टक्कल झालं. सासूचा जाच, जगली नाहीत ती दोन लेकरं, सगळं तिनं त्या बांधावरच सांगितलं. माहेर लांब होतं. तिला मैत्रीण म्हणाल तर ही एकच.

ब्याण्णव साली डिंभ्याच्या धरणाची भिंत उंच चालली होती. गाव पाण्याखाली जाणार हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं, पण गावानं एकच धरलं होतं : देवी हलत नाही, तर आम्ही का हलावं? त्या दिवसांत पुण्याहून आरती मॅडम म्हणून एक झाडांची अभ्यासक बाई आली. बांधाशी येताच कुणी न सांगता तिनं चपला काढल्या. ती म्हणाली, पाणी तर येणारच आहे. मला या वेणीचा बोटभर तुकडा द्या. पुण्याच्या एका बागेत आमचं काचघर आहे, तिथं मी ती जगवीन आणि खाली तुमच्या गावाचं नाव लिहीन. बघायला तिकीट नाही, वाटेल तेव्हा या.

गावात दोन तट पडले. काटकी न्यायची नाही तिथं वेणी कशी द्यायची? शेवटी मॅडमच म्हणाली, देवीला विचारा. ती सांगेल ते मला मान्य.

जानकू आत गेला. तांदूळ लावले, आणि हात जोडतो न जोडतो तोच उजवीकडचे सगळे खाली पडले. इतक्या चटकन देवीनं कधीच उत्तर दिलं नव्हतं. जानकू तिथंच बसून राहिला. देवीनं फूल द्यायला होकार दिला म्हणजे तिनंही पाणी येणार हे कबूल केलं. मग गाव कशाच्या बळावर अडून बसणार? उद्यापासून माणसं घरांवरची कौलं उतरवायला लागतील. तेच जर देवी पान हलवू देत नाही असं झालं, तर सरकारला विचार करावा लागेल, पाण्यालाही करावा लागेल. आज हे ऐकून हसू येतं. पण जानकूनं जन्मभर देवीला अडवणारं कुणी पाहिलेलं नव्हतं, आणि धरण तर त्यानं आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं होतं.

तो बाहेर आला आणि म्हणाला, “डावा.”

मॅडमनं राईकडं तोंड करून हात जोडले आणि ती निघून गेली. बायडाबाई मात्र किती तरी वेळ बांधावर तशीच उभी होती.

पुढच्या दोन पावसाळ्यांत पाणी आलं. त्यानं कुणालाच विचारलं नाही. वरच्या टेकाडावर बसून जानकूनं आंबा बुडताना पाहिला. आधी बुंधा, मग आठवडाभरानं बेचकं. फूलही गेलं आणि खरंही गेलं. गाढवही गेलं नि ब्रह्मचर्यही गेलं म्हणतात, त्यातली गत. गाव चहूकडं पांगलं. जानकू कळंबला एका बागाईतदाराच्या मळ्यात राखणीला राहिला. देवराई राखणारा माणूस कांद्याच्या चाळी राखू लागला. देवीचा तांदळा त्यानं पोत्यातून आणला आणि मळ्यातल्या लिंबाखाली ठेवला.

कौल सांगितला त्या दिवसापासूनच बायडाबाई देवीशी बोलत नव्हती; आता त्या लिंबाकडंही तिनं पाठ फिरवली ती फिरवलीच. विहिरीची वाट लिंबाजवळून जायची, तर ही हंडा घेऊन बांधावरून वळसा घालायची. हळद नाही, कुंकू नाही, नवरात्रात दिवा नाही. जानकूनं एकदा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, जिला स्वतःची वेणी जगवावीशी वाटली नाही, तिला मी काय सांगू आणि ती माझं काय ऐकणार? जानकूच्या ओठांवर खरं आलं होतं. ते त्यानं गिळलं. एकदा गिळलं की दुसऱ्यांदा गिळणं सोपं जातं, आणि मग त्याची सवयच होते. गावची माणसं शोधत शोधत कौल लावायला यायची, तर हा डोळ्यांना दिसत नाही म्हणून त्यांना परत पाठवायचा. बारा वर्षं त्यानं तांदळाचा दाणा त्या दगडाला लावला नाही.

दोन हजार चार सालच्या मे अखेरीस दोघं भोसरीला लेकीकडं, रत्नाकडं, चार दिवस राहायला गेली. रत्ना म्हणाली, पुण्यात एका बागेत काचेचं घर आहे, आत सगळी झाडंच झाडं, तिकीटबिकीट काही नाही, चला. जानकूनं पाय दुखतो म्हणून पाहिलं, ऊन लागतंय म्हणून पाहिलं. पण बायडाबाई कधी नव्हे ती हौसेनं नवं लुगडं नेसून बसली होती.

काचघरात पाऊल टाकलं आणि जानकूला गावाचा वास आला. ओली माती, शेवाळ, कुजलेला पाला. भर मे महिन्यात आत श्रावणासारखा गारवा होता. भिंतीला फळ्या टांगलेल्या, प्रत्येक फळीवर शेवाळात बसवलेलं एक रोप आणि खाली मराठीत पाटी : कोणत्या रानातून आणलं, कोणत्या गावानं दिलं. रत्ना एकेक पाटी मोठ्यानं वाचत चालली. त्यातली दोन गावं त्यांच्याच खोऱ्यातली, धरणात गेलेली. त्यांची जांभळट वेणी मजेत फुललेली होती. त्या गावांचं एकही घर शिल्लक नाही, पण पाटीवर नाव होतं आणि शाळेची पोरं ते वाचत होती.

पुढं एक फळी रिकामी होती. शेवाळ ताजं, पाणी घातलेलं, रोप मात्र नाही. रत्नानं माळ्याला विचारलं. तो म्हणाला, ही आरती मॅडमची फळी. पांढऱ्या वेणीसाठी त्यांनी राखून ठेवली होती. जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातलं माणूस आलं की विचारायच्या, कुठं पांढरी दिसली का? शेवटपर्यंत कुठं मिळाली नाही. गेल्या वर्षी त्या निवृत्त झाल्या, पण फळी काढायची नाही असं सांगून गेल्यात.

बायडाबाईनं त्या ओल्या शेवाळावर हात ठेवला. इतकी वर्षं कोंडलेलं सगळं तिच्या तोंडून बाहेर पडलं. “बगा, जागा बी करून ठेवली व्हती. एवढीशी तर जागा. पर त्या दगडीच्या मनात न्हाई आलं. आसली कसली गं तू देवी? सोताचं लेकरू बुडवलंस.” माळी बघत राहिला. रत्ना आईला आवरू लागली.

जानकूला ते ऐकवेना. आता हेही देवीनं ऐकून घ्यायचं? तो म्हणाला, “तिला बोलू नको. तिनं न्हाई म्हणलं न्हवतं.”

“मग कुणी म्हणलं?”

“उजवा पडला व्हता. लगोलग पडला. डावा म्यां सांगितला.”

बायडाबाईनं शेवाळावरचा हात काढून घेतला. ती रागावेल, रडेल, चारचौघांत अब्रू काढेल, सगळ्याला जानकू तयार होता. ती रागावली नाही. तिनं अगदी हळू आवाजात विचारलं, “मंग बारा वर्सं म्या तिच्याशी बोलले न्हाई, त्याचं काय?”



राहिलेले दोन दिवस न राहता ती दोघं दुसऱ्याच दिवशी सकाळच्या एसटीनं कळंबला परतली. बायडाबाई पिशवी हातात तशीच धरून लिंबाखाली गेली आणि देवीसमोर मांडी घालून बसली.  ती बोलू लागली, आणि एकदा सुरुवात झाल्यावर बोलणं थांबेना. लांबच्या बांधावरून जानकूला शब्द ऐकू येत नव्हते, नुसता आवाज येत होता. असा आवाज त्यानं राईच्या बांधावर पूर्वी दर जेठात ऐकला होता.

अंधारून यायच्या आधी तो हळूच जवळ गेला आणि म्हणाला, “माज्यासाटी बी जरा माफी माग.”

बायडाबाई उठली, लुगड्याची माती झटकली. “म्या माजी मागितली. तुमी तुमची मागा,” ती म्हणाली, “तुमाला तर तिचा कौल घेता येतोय.”

ती घरात गेली. जानकू ओंजळीत ओले तांदूळ घेऊन तांदळ्यासमोर बसला. माफ केलंस का, एवढंच विचारायचं होतं. पण कौल उजवा पडला असं तो उद्या बायडाबाईला सांगणार, तर त्यावर ती विश्वास कसा ठेवणार, हे त्याला कळेना. तांदूळ तसेच हातात वाळून गेले.