चौथी बांधी

लग्न होऊन आसगावला आले, त्या पावसाळ्यात सासूबाई आणि थोरल्या जावेबरोबर मीही गल्लीतल्या बायांच्या रोवणीच्या टोळीत जाऊ लागले. माहेरी धानाची बांधी, म्हणजे भातखाचर, मी फक्त कडेच्या धुऱ्यावरून पाहिलेली. दिवसभर वाकून चिखलात धानाचे परे, ती कोवळी रोपं, लावणं म्हणजे काय, ते पहिल्याच दुपारी कंबरेला कळलं.

काम ठेक्यानं घेतलेलं, त्यामुळे दिवसाला किती करायचं हे आमच्याच हाती होतं. सकाळी धुऱ्यावर उभ्या राहून बाया ते ठरवायच्या. कोणी म्हणायची, तीन बांध्या. दुसरी म्हणायची, "तीन तं काल केल्या, आज चार करू." मग सगळ्या हो म्हणायच्या. नव्या सुनेनं नाही कसं म्हणावं? चौथ्या बांधीत मात्र कोणी गाणं म्हणत नसे. चिखलातून पाय उपसल्याचा आवाज तेवढा यायचा.

एका संध्याकाळी परतताना थोरल्या जावेला चालवेना. ती रस्त्याच्या कडेला बसली. मी तिच्या पोटऱ्या चोळू लागले. चारचं बहुतेक तीच काढायची.

"ताई, चार काहून म्हणता वो?"

"मले वाटते बायायले पायजे. मी तं दोनमध्येच मरून राहिली."

पुढे गेलेल्या सासूबाई थांबल्या. "आन् मी तुमच्याकडं पाहून हो म्हणून राहिली," त्या म्हणाल्या.

घर येईपर्यंत मी बाकीच्यांनाही विचारलं. चार एकीलाही नको होत्या.

दुसऱ्या सकाळी मीच म्हटलं, "आज दोनच करू." टोळीतली सगळ्यांत म्हातारी बाई पदर खोचत म्हणाली, "बरं झालं बाई, कोणी तरी बोललं."

दोन बांध्या दुपारीच संपल्या. हात धुऊन आम्ही डबे सोडले. पलीकडच्या शेतात शेजारच्या कोंढा गावच्या बाया अजून वाकलेल्या होत्या. त्यांच्यातली एक ताठ उभी राहिली आणि कंबरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहू लागली. जेवण होताच सासूबाईंनी पऱ्यांची पेंढी उचलली. मग जावेनं. मग मीही.

तिसरी संपली तेव्हा ऊन उतरलं होतं. चौथीतही आम्ही अर्ध्यापर्यंत गेलो.

घरी येऊन जाऊ आणि मी चिखलाच्या पायांनीच ओसरीत आडव्या झालो. सासूबाई चहा ठेवते म्हणाल्या आणि भिंतीला टेकून बसल्या त्या तशाच झोपी गेल्या.