कंद कापूनच लावतात

सिस्टरअक्का कोणाच्या घरी पुढच्या दारानं कधी गेली नाही. मागच्या दारानं सरळ मोरीपाशी. म्हणायची, "पुढून गेलं की चहा मिळतो, मागून गेलं की खरं कळतं." मूळची साक्रीकडची. आमच्या चोपड्याजवळच्या गावात उपकेंद्रावर नर्स म्हणून आली आणि निवृत्त होईपर्यंत इथंच राहिली. बोलणं आमच्यासारखंच, पण चिडली की तिची अहिराणी सुटायची.

माझ्यावर ती पुष्कळ वेळा चिडली. पहिल्यांदा चिडली ती माझी नात रेवा झाली तेव्हा.

सून अडली होती. अक्कानं तिला तालुक्याला नेलं आणि तिथं सिझर झालं. दोघी सुखरूप घरी आल्या. पण मी नातीला हात लावला नाही. आमच्याकडं म्हणतात, वाटेनं आलेल्या पोराचं डोकं दाबलं जातं, म्हणून मेंदू पक्का होतो. ही पोट कापून काढलेली. बारसं झालं, तरी मी ओट्यावरच. मनात एकच धाकधूक, पोर मंद निघाली तर? गुपचूप पाळण्याजवळ ताट वाजवून पाहिलं. दचकली. तरी माझं समाधान होईना. शेवटी तेल लावून डोकं दाबायला एका म्हातारीला बोलावलं.

तेवढ्यात अक्का मागच्या दारानं आत.

"डोक्याले हात लावू नका! दाबीसन अक्कल येती ते तुमनी आतेपर्यंत आली नसती का, आबा?"

म्हातारी हसत निघून गेली. मी हटलो नाही. म्हटलं, "बी जमीन फोडूनच वर येतं. उकरून काढलेला कोंब तग धरत नाही."

"तुम्ही केळी लावता ना? बी कुठं पेरता?"

"बी नाही, कंद लावतो."

"कंद आईपासून कापूनच काढता ना? मग तुमची बाग मंद आहे का?"

चाळीस वर्षं केळी केली, पण हे कधी डोक्यात आलं नव्हतं. मग ती खाली बसली, हळू बोलली, "काही फरक पडतो का, ते मोठे डॉक्टर अजून शोधताहेत. मला जे माहीत आहे ते सांगते. आईचं दूध, अंगाची ऊब आणि बोलणं, यावर पोर घडतं. रोज मांडीवर घ्या आणि बोला."

"काय बोलू?"

"मला जेवढं ऐकवता तेवढंच."

मी रोज बोललो. पाण्याची पाळी, वारा, कुठल्या झाडाला टेकू लावला, सगळं सांगितलं. अक्का मोरीतून ऐकायची आणि हसू दाबायला तोंडाला पदर लावायची. रेवाचा पहिला शब्द 'घड'. सून म्हणाली, 'आई' का नाही? माझा हात मिशीला गेला.

रेवा साडेतीन वर्षांची झाली आणि अक्का निवृत्त झाली. निरोप घ्यायला आली, मागच्या दारानंच. निघताना पाहते तर रेवा तिच्या चपलांवर मांडी घालून बसलेली.

"देणार नाही. तू जायचं नाही."

सुनेनं समजावलं, मी दटावलं, गूळ दाखवला. पोर जागची हलेना.

अक्का माझ्याकडं बघत राहिली. डोळे पुसून म्हणाली, "पाहा आबा, सिझरमा काय कमी पडनं? हट्ट ते बठ्ठा तुमनाच उतरना शे."

मग ओट्यावरच्या माझ्या चपला पायात घालून ती निघाली, आयुष्यात पहिल्यांदा पुढच्या दारानं.