पिवळं बटण

कुरुंद्याला माहेरी गेले की कोनाड्यातला जुना बटणांचा फोन मी फडक्यानं पुसते. सगळी बटणं पांढरी, फक्त रिडायलचं तेवढं हळदीच्या बोटांनी पिवळं झालेलं.

तेव्हा औंढ्याला माझ्या सासरी रोज फोनची एकच रिंग वाजायची. हातातलं टाकून धावावं, तर फोन बंद. कोण मेलं छळतंय, काही कळायचं नाही.

मग हळद शिजवायच्या दिवसांत माहेरी आले. अण्णांचं अडत्याशी बोलणं झालं. लगेच त्यांनी दुसरा नंबर दाबला, एक रिंग ऐकली आणि फोन ठेवून दिला. नंबर माझ्याच घरचा होता!

"अण्णा, काहून कापला?"

"तुझ्या मायला आकडे येत न्हाईत. हे बटण दाबलं की शेवटचा नंबर लागते. म्हणून कुणालाबी फोन केला, तरी शेवटी तुझाच लावून ठेवतो. बराबर लागला का, तेबी बघावं लागते ना."

आता आई नाही. फोनची तारही कधीच तुटली. पुसताना ते एक बटण मी सोडून देते, आणि दर वेळी वाटतं, आत शेवटचा नंबर अजून माझाच असेल का?