निखाऱ्यावरचे पांढरे खडे

"मावशी, ही बाई तुम्हीच ना?"

डॉक्टरीणबाईंनी फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोनवर एक चित्र होतं. काळी गुहा. त्यात एक म्हातारी बसलेली. डोक्यावर दोन शिंगं, अंगाला राख फासलेली, मांडीवर पालथं बाळ, आणि बाळाला पंख. पुढ्यात शेगडी. म्हातारी शेगडीत पांढरे खडे टाकत होती आणि निळा धूर निघत होता.

शिंगं माझी नव्हती. नाक मात्र माझंच होतं.

"नाक माझं आहे," मी म्हणाले. "बाकी कुणाचं ते माहीत नाही."

"मावशी, चेष्टेची वेळ नाही. आत एक बाळ आहे, सव्वा महिन्याचं. सकाळी आणलंय. श्वास नीट घेत नाही, एकदा झटका येऊन गेला. आई म्हणते, फोनवर बघून धुरी दिली. धुरीत काय टाकलं विचारलं तर तोंड उघडत नाही. हे पांढरं काय आहे? ते कळल्याशिवाय मी अंधारात उपचार करतेय."

मी चित्राकडं बघत राहिले. मला शिंगांचाही अर्थ लागेना आणि खड्यांचाही.

माझं काम आधी सांगते. मी बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालते. बाळाला लांब केलेल्या पायांवर घ्यायचं, तेलानं चोळायचं, टाळू भरायची, म्हणजे डोक्यावरच्या मऊ जागी हलक्या हातानं तेल घालायचं. मग गरम पाणी. मग धुरी, म्हणजे निखाऱ्यावर ओवा टाकून त्याची ऊब लांबून द्यायची. शेवटी दृष्ट काढायची. शाळा माझी चौथीपर्यंत. वाचते हळू, पण वाचते.

भूकंपात आमचं गाव पडलं. पुढं आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. शेडमध्येही बाळंतपणं व्हायची थांबली नाहीत. तिथं बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालणाऱ्या जैनबखालानं मला हे काम शिकवलं. भूकंपाचं एवढंच पुरे.

नंतर लातुरात क्लासेस वाढले. बाहेरगावचे मास्तर आले, त्यांच्या बायका आल्या. फ्लॅटमध्ये ना सासू, ना आई. पोर झालं की रडायच्या. क्लासेस वाढले तशी माझी गिऱ्हाइकं वाढली. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यातूनही मला बोलावणं यायचं. म्हणून तर त्यांनी नाक ओळखलं.

हे चित्र ऋतुजानं काढलेलं होतं. ऋतुजा म्हणजे माझं त्या वेळचं गिऱ्हाईक. नवरा क्लासमध्ये फिजिक्स शिकवायचा, पहाटे जायचा. ही दिवसभर बाळाजवळ बसून चित्रं काढायची. मी एकदा विचारलं होतं, "हे काय गं?"

"पंखवाला सरडा."

"घरात आहे का?"

"अहो मावशी, परदेशातल्या मालिकेतला आहे. ती मालिका आवडणारे आम्ही लोक आपापली चित्रं काढतो. आपल्या मनानं पुढची गोष्टही लिहितो. फॅन आर्ट म्हणतात त्याला."

"म्हणजे दुसऱ्याच्या वावरात आपली भाजी लावायची."

"तसंच समजा."

"आणि मालक ओरडत नाही?"

ती हसली. मला काही कळलं नाही, पण पोराच्या अंगाचं तेल वाळत होतं, मी कामाला लागले.

ती हे सगळं फोनवरच्या तिच्या पेजवर टाकायची. पेज म्हणजे सगळ्या गावाला दिसेल अशी वही. एक दिवस सरडा, एक दिवस तिनं केलेली शेंगदाण्याची आमटी, एक दिवस 'मावशींचा सल्ला'. एकाच ताटात वरण, साबण आणि कुंकू वाढल्यासारखं. पण लोकांना ते आवडायचं म्हणे. मी तोंडानं जे बोलायची, ते ती लिहून घ्यायची. मला त्यात वावगं वाटलं नाही. खोटं कशाला बोलू, बरंच वाटलं होतं.

मी दवाखान्याच्या जिन्यात जाऊन ऋतुजाला फोन लावला.

"त्या शिंगवालीच्या हातातलं पांढरं काय आहे?"

"राखेची राणी? ते चंद्राचे खडे, मावशी. त्यानं पिल्लाच्या पंखांत बळ येतं."

"इकडं एका बाळाला श्वास घेता येईना. चंद्र सोड. तुझ्या डोक्यात ते आलं कुठून?"

ती म्हणाली, "तुम्हीच टाकता की ते. रोज. न्हाणं झाल्यावर."

टाकत होते. मीठ-मोहऱ्या. बाळावरून ओवाळायच्या आणि निखाऱ्यावर टाकायच्या, की दृष्ट निघाली. मी जाडं मीठ वापरते. लांबून पांढरे खडेच दिसणार. तीस वर्षं मी हे करत आले, पण तोंडानं कधी सांगितलं नाही काय टाकते ते. ज्या घरात सासू आहे तिथं सांगावं लागत नाही. ऋतुजाच्या घरात सासू नव्हती. तिनं बघितलं आणि काढलं.

फोन लावेपर्यंत मला वाटत होतं, ऋतुजाच्या गोष्टीनं माझा सल्ला नासवला. इथं उलटंच निघालं. माझीच मूठ त्या गोष्टीत गेली होती.

पण मिठानं बाळाला झटका येत नाही. म्हणजे आतल्या बाळाच्या आईनं दुसरं काहीतरी टाकलं होतं.

मी वॉर्डात गेले. पोरीचं नाव शीतल. कंधारकडची. दीर लातुरात मेडिकलच्या परीक्षेच्या क्लासला होता, त्याला रांधून घालायला ही ओली बाळंतीण इथं खोली करून राहिली होती. नवरा गावाकडं. सासू नुकतीच एसटीनं येऊन, बोचकं खोलीवर टाकून शेजारी बसली होती, आणि बसल्यापासून तिचं तोंड चालू होतं.

"आमी चार लेकरं वाढविली, हाताखाली कोन व्हतं? हिला एक संबाळता येईना. समदं त्या मोबाईलमंदी बघून करून राहिली."

शीतल खाली मान घालून बसली होती. आमच्या धंद्यात एक रीत आहे. बाळंतिणीकडून खरं काढायचं असेल तर आधी सासूला बाहेर काढायचं. मी सासूला म्हणाले, "बाई, बाळाला बांधायला जुनं धुतलेलं सुती लुगडं पाहिजे. मऊ. इथल्या पोरींना कळत नाही, तुम्हालाच कळेल."

"हाव, हाय की खोलीवर," म्हणत सासू खुशीत उठली.

ती जिना उतरली तशी मी शीतलजवळ बसले. तिनं माझ्याकडं बघितलं, मग परत बघितलं. नाकाकडं.

"तुमी त्या..."

"हो, मीच ती. शिंगं घरी ठेवलीत. पोरी, पांढरं काय टाकलंस?"

ती रडायला लागली.

"रड नंतर. आधी सांग."

"कापूर."

"किती?"

"आठ वड्या. चित्रात आठ खडे हायेत. मोजले मी."

"दार?"

"लावलं होतं. गुहा होती ना तिथं."

मी सरळ उठले आणि डॉक्टरीणबाईंना सांगितलं. कापूर, आठ वड्या, बंद खोली. त्यांनी आत धाव घेतली. सिस्टरला काय काय सांगितलं ते मला कळलं नाही. एवढं कळलं, की आता त्यांना काय करायचं ते ठाऊक होतं.

मी परत शीतलजवळ आले. म्हणाले, "शिकलेली दिसतेस. पंखाचं पोर असतं का कुठं?"

तिनं डोळे पुसले. आता तिला राग आला होता.

"पंखाचं खोटं हाय हे कळतंय मला. येडी न्हाई मी. पण पेजवर त्याच्या वर लिवलेली टाळूची गोष्ट खरी होती, तिनं गुण आला. खालची आमटी खरी होती, मी केली. मग मधलंच तेवढं खोटं, हे कसं कळावं? आणि ह्याचं वजन वाढंना. आत्याबाई त्याला पाखराचं पिल्लू म्हणत्यात. म्हटलं, धुरीनं तरी बळ यील."

खरं होतं तिचं.

त्यात आणखी एक होतं. धुरीचा माझा सल्ला ऋतुजानं वेगळा लिहिला होता. थोडा ओवा, लांबून, दार उघडं. बरोबर लिहिला होता. पण तोही मी ऋतुजाच्या बाळाला बघून सांगितला होता. ते बाळ गुटगुटीत. शीतलचं वजनाला कमी. हे बाळ माझ्या पायांवर आलं असतं तर मी शेगडी पेटवलीच नसती. मी सांगते ते समोरचं पोर हातात तोलून सांगते. फोनला हात नसतात.

पहिल्या रात्री परत एकदा झटका आला. नंतर आला नाही. तिसऱ्या दिवशी बाळ अंगावर प्यायला लागलं. सहाव्या दिवशी घरी गेलं, सासूनं आणलेल्या लुगड्यातच.

डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. म्हणाल्या, "मावशी, बाळाला धूर नकोच. ओव्याचाही नको. लांबूनही नको."

"तीस वर्षांत काही झालं नाही."

"तीस वर्षांत जी बाळं आजारी पडली ती माझ्यासारखीकडं आली. तुमच्याकडं सांगायला कोण येणार?"

हेही खरं होतं. मला ते आवडलं नाही, पण खरं होतं. तेव्हापासून धुरी बंद.

ऋतुजा ते पेज बंद करायला निघाली होती. रडून रडून डोळे सुजवले होते. मी म्हणाले, "बंद कशाला? दोन वह्या कर. एकीत सरडे, एकीत पोरं. आणि माझ्या सल्ल्याखाली लिही, हे कुणाच्या बाळाला बघून सांगितलं, ते केवढं होतं, वजन किती होतं. आणि आधी डॉक्टरला विचारा, हे पण लिही."

"कुणी वाचणार नाही एवढं."

"मग बरंच आहे."

पोरांची वही खरंच फारशी कुणी वाचत नाही. राखेची राणी मात्र जोरात आहे. परवा क्लासच्या हॉस्टेलमधल्या दोन पोरी मला रस्त्यात भेटल्या, वहीच्या पुठ्ठ्यावर माझं नाक, वर शिंगं. परीक्षेआधी पाया पडू का म्हणाल्या. मी म्हटलं, अभ्यास करा. ह्या सगळ्यात लोकांना काय मिळतं, ते मला अजून कळलेलं नाही.

दृष्ट मी अजून काढते. गिऱ्हाइकांना पाहिजे असते. पण निखारे आता लांब गॅलरीत, बाळ आत, मधलं दार लावलेलं. आणि मूठ उघडून बाळाच्या आईला दाखवते, मोठ्यानं बोलते, "हे मीठ. ही मोहरी. दुसरं काही नाही."

बाया हसतात. म्हणतात, मावशी, मीठ काय आम्हाला कळत नाही का?

मी म्हणते, कळत असेल. तरी बघ.