आरशावरचा टॉवेल

सगळे त्यांना कात्रीमास्तर म्हणत. आठवडाभर न्हाव्याची कात्री, आणि रविवारी चर्चमध्ये मुलांपुढे बायबलमधल्या दावीद राजाची गोष्ट. राजाने गोफण फिरवून राक्षस लोळवला की मास्तर स्वतः बाकावर चढत. पण राजा उतारवयाला लागला की यांची गाडी अडायची. अबशालोम, राजाचा तो घर सोडून पळून गेलेला मुलगा, त्याची गोष्ट ते दरवर्षी गाळायचे.

कारण होतंच तसं. बायको अंथरुणाला खिळली असताना मास्तरांचा एकुलता एक मुलगा भांडून निघून गेला, तो आईच्या मातीलाही आला नाही. मास्तरांनी चारचौघांत सांगून टाकलं की या पोराचं तोंड बघणार नाही. पुढे तो मान खाली घालून परत आला. पोटचा गोळा, हाकलवेना. दुकानातली दुसरी खुर्ची दिली. पाठीला पाठ लावून दोघं काम करायचे. पण मास्तरांच्या आरशात मागच्या भिंतीवरचा आरसा दिसे, आणि त्यात पोराचं तोंड. मग मास्तरांनी त्या आरशावर टॉवेल टाकला. झालं! आता शब्दही राहिला आणि पोरगाही.

गिऱ्हाइकं म्हणायची, बापलेकाच्या भांडणात आम्ही आमचं थोबाड का बघायचं नाही? मुलगा हसून हातातला छोटा आरसा पुढे करायचा. बोलणं नव्हतंच, पण रोज सकाळी लवकर येऊन बापाच्या वस्तऱ्याला धार लावून ठेवायचा.

यंदा चर्चच्या पाळकांनी बजावलं, राजाचं आयुष्य अर्धवट शिकवायचं नाही. मास्तरांनी नाइलाजाने सांगितलं, राजाने मुलाला परत शहरात बोलावलं, पण दोन वर्षं त्याचं तोंड पाहिलं नाही.

पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, "मग बोलावलंच कशाला?"

मास्तरांनी पुस्तक मिटलं आणि मुलांना लवकर सोडलं.

घरी जाताना वाटेत मुलाची भाड्याची खोली लागायची. दाराबाहेर चपला होत्या. मास्तर थबकले. पण इतक्या दिवसांचा ताठा, दारात उभं राहून बोलायचं तरी काय? त्यापेक्षा उद्या टॉवेल काढू, त्याला आपोआप कळेल. असं ठरवून ते पुढे गेले. अहो, दार तर नुसतं ढकलायचं होतं!

सकाळी त्यांनी टॉवेल काढला, आरसा लख्ख पुसला. वस्तरा उचलला, तर आज धार लावलेली नव्हती. पोरगा अजून आला कसा नाही म्हणून वाटेकडे बघतात, तोच खोलीची मालकीण रडत आली. रात्री छातीत दुखतं म्हणून लवकर झोपला, तो झोपेतच गेला.

मातीआधी दाढी करायला शेजारचा न्हावी आला होता. मास्तरांनी त्याच्या हातातून वस्तरा काढून घेतला. पाळक जवळ बसले, म्हणाले, अबशालोम मेल्यावर दावीदसुद्धा असाच रडला होता.

"ते नंतरचं," मास्तर म्हणाले. "मुलांना आधीचं शिकवा. तोंड बघायचं होतं, तेव्हा बघितलं नाही."

त्यांनी पोराची हनुवटी अलगद वर केली, साबण लावला. कानाजवळ आले आणि हात थांबला. तिथे केस पांढरे झाले होते, चांगले बोटभर.

"हे कधी पिकले रे?" मास्तरांनी विचारलं, आणि उत्तराची वाट बघत तसेच बसून राहिले.