मोठी आई आणि स्वातीचा बूस्टर

मोठी आई, म्हणजे माझी थोरली काकू, आपला आजार कधीच लपवत नसे. पोलाद कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टर ६ मध्ये, आमच्या क्वार्टरच्या ओळीत नवीन बिऱ्हाड आलं, की पहिल्याच चहाला ती सांगून टाकायची, "मले हिपॅटायटीस बी हाय. संगं खाल्ल्या-पेल्यानं होत नाही, रक्तानं होते. आता चहा घ्या." काही जणी कप तसाच ठेवून उठायच्या. मोठी आई तो विसळून ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी त्यांना पुन्हा हाक मारायची.

विषाणू रक्तात आहे हे कळलं ते स्वाती पोटात असताना. तेव्हा ती मोठ्या बाबांना, म्हणजे माझ्या थोरल्या काकांना, म्हणाली, "मले झालं ते झालं. लेकराले होऊ द्याचं नाही." बाळ जन्मताच लस आणि तिच्यासोबतचं संरक्षक इंजेक्शन द्यायचं, हे डॉक्टरांनी ठरवून ठेवलं होतं. तरी कळा येत असतानाही ही नर्सला विचारत होती, "बाई, सुई तयार हाय ना?" मुलगा की मुलगी, हे तिने नंतर विचारलं. पुढचे सगळे डोस वेळेवर झाले, मग रक्त तपासलं. स्वातीला संसर्ग नव्हता आणि लसही चांगली लागू पडली होती. मोठ्या बाबांनी प्लांटमधून येताना सिविक सेंटरच्या बाजारातून पेढे आणले. मोठ्या आईने ते ओळीतल्या प्रत्येक घरी दिले, चहा न पिणाऱ्यांकडेसुद्धा.

स्वाती शाळेत शिकवू लागली आणि दुर्गच्या एका रेल्वेवाल्या घरातून स्थळ आलं. मुलगा-मुलगी एकमेकांना पसंत पडले. मोठ्या आईने नेहमीप्रमाणे आजाराचं सांगितलं, तशी मुलाची आई दचकली. "लहानपणचे डोस आता कोणत्या कामाचे? एक बूस्टर देऊन टाका ना. आमचं समाधान होईन."

"देऊन टाकू," मोठे बाबा लगेच म्हणाले. "एका सुईनं काय बिघडते?"

"डॉक्टर म्हणन तर आजच देऊ," मोठी आई म्हणाली. "पण भीतीपायी नाही. आज भीतीनं सुई देली, तर उद्या हिच्या ताटाचीही भीती वाटन."

जुळत आलेलं लग्न मोडेल, म्हणून सगळे तिच्यावर चिडले. ती मात्र मुलाच्या आईलाच सोबत घेऊन डॉक्टरांकडे निघाली. गाडी मी चालवत होतो.

डॉक्टरबाईंनी शांतपणे समजावलं. डोस पूर्ण झाले आहेत, तपासणीत लस लागू पडल्याचंही दिसलं होतं. पुढे रक्तातला संरक्षणाचा आकडा उतरला, तरी शरीर त्या विषाणूला ओळखायचं विसरत नाही. निरोगी माणसाला बूस्टर लागत नाही. डायलिसिसवर असलेल्यांची किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांची गोष्ट वेगळी. मग त्यांनी सहज विचारलं, "मुलानं लस घेतलीय ना?"

मुलाच्या आईने नकारार्थी मान हलवली. बूस्टर मागणाऱ्यांच्या घरी अजून पहिला डोसही झाला नव्हता.

मला हसू फुटणार होतं, पण मोठ्या आईने माझ्याकडे असं पाहिलं की ते घशातच राहिलं. तिने त्या बाईचा हात हातात घेतला. "आमालेही कुठं माहीत होतं? तपासून घ्या अन् दोघंही घेऊन टाका. मी हाय ना संगं." आणि खरंच, त्या मायलेकांच्या प्रत्येक डोसाला मोठी आई दुर्गला हजर होती. लोकांना खाली पाहायला न लावता खरं बोलणारं दुसरं माणूस मी आजवर पाहिलेलं नाही. ती आमच्या घरची होती, हे मी अजूनही ताठ मानेनं सांगतो.

मोठी आई आता नाही. अखेर त्या आजारानेच तिला नेलं. पण मला ती आठवते ती स्वातीच्या पाठवणीच्या दिवशीची. मांडवात सगळे रडत होते. स्वाती गळ्यात पडून म्हणाली, "आई, सगळं तुझ्याकडूनच घेतलं गं मी."

मोठ्या आईने तिचे डोळे पदराने पुसले. "सगळं नाही घेतलं," ती म्हणाली. "जे नाही घेतलं ना बाई, त्याचाच मले जास्त गर्व हाय."