बबिताचा लॅपटॉप आणि टॅब

जिंतूरची बबिता एका संस्थेसाठी शेळ्या-मेंढ्यांच्या लसीकरणाच्या नोंदी करते. तिच्या पिशवीत हलका लॅपटॉप आणि टॅब दोन्ही बघून नवरा, अमृत, रोज एकच म्हणायचा, "दोन-दोन कशाला पायजेत? एक इकून टाक." शेवटी वैतागून तिनं आठवडाभर टॅब घरीच ठेवला.

बोरीच्या शिवारात बिरदेव मेंढपाळाचा कळप होता. एका हातावर लॅपटॉप तोलायचा आणि दुसऱ्या हातानं मेंढीच्या कानातला बिल्ला बघून आकडे भरायचे, हे तिला काही जमेना. उन्हात पडद्यावर तिचं स्वतःचंच तोंड दिसत होतं. त्यात लॅपटॉपचं झाकण चमकलं आणि कळप पांगला.

"ताई, आदी ते मिटा! मेंढरं बुजायलीत," बिरदेव ओरडला.

पुढच्या आठवड्यात तिनं लॅपटॉप घरी ठेवला. नोंदी झटपट झाल्या, पण चार पानांचा अहवाल टॅबवर बोटानं लिहिताना ती मेटाकुटीला आली. घाईत 'पंधरा शिळ्या आजारी' असं लिहून गेलं. लगेच संस्थेच्या साहेबांचा फोन आला, "मॅडम, शिळ्या काय? भाकरी का?"

संध्याकाळी अमृतनं विचारलं, "मग कोणतं इकायचं?"

"एकबी न्हाई!" बबिता कडाडली. "लॅपटॉप घरी राहील, टॅब माझ्यासंगं येईल. पुन्हा हा विषय काढला, तर मेंढरं धरायला तुमालाच नेते."

बबिता लॅपटॉप उघडून अहवाल दुरुस्त करायला लागली, पण जेवणं होईपर्यंत तिचा राग काही उतरला नाही.